देवी चालते, फिट चालत नाही

चिंचहळ्ळी, ता. अक्कलकोट
१९ फेब्रुवारी १९७८

चि. विजयमालास गोजराआत्याचे आशीर्वाद.

तू सोलापूरला पोचलीस का न्हाय, त्याचं कार्ड न्हाय. शाळेत पोरींना शुद्धलेखन शिकीवतीस, मग आत्याला चार वळी लिव्हायला काय हात दुकतोय का तुजा?

हितलं ऐक. जत्रंत तुज्या अंगात लगमव्वा आली, तवापास्नं आपल्या दारात चपला मावत न्हाईत. तू गेलीस तरी बाया येत्यात, तू झोपलेल्या घोंगड्याच्या पाया पडत्यात. म्या आता सोप्यात पाट टाकूनच बसते. आजवर गावात मला कोन 'गोजरे' शिवाय हाक मारत न्हवतं. आता 'आत्याबाई' म्हनत्यात. बिरप्पा पैलवान, जो कदी मान खाली करत न्हाय, त्यो बी येऊन कोपऱ्यात बसला, काय बोलला न्हाय, उठून गेला. नारळ इतकं झाल्यात की रोज चटनी.

येत्या अवसंला यायचं बघ. लोकं इचारायलीत, देवी कवा येनार.

तुजी आत्या गोजराबाई

(लेखक चनबसप्पा, शाखा डाकपाल व किराणा व्यापारी: बाईंनी सांगितले तसे लिहिले आहे. नारळ माझ्याच दुकानातून जात आहेत, त्यामुळे मी या विषयावर मत देत नाही.)


सोलापूर
२५ फेब्रुवारी १९७८

ती. आत्यास सा. न.

चनबसप्पाकाका, हे पत्र दुकानाचं दार ओढून घेऊन वाचा. गिऱ्हाईक असेल तर आधी त्याची साखर बांधून द्या. आत्याला वाचता येत नाही आणि माझं बोलणं तुमच्या तोंडून गेल्याशिवाय तिच्या कानात जात नाही. म्हणजे तिला जे सांगायचं ते आधी तुम्हाला सांगावं लागतं. चार दिवस मी यावर विचार केला. दुसरा रस्ता दिसला नाही.

आत्या, माझ्या अंगात कुणीही आलेलं नाही. मला फिट आली. आकडी म्हण, फेफरं म्हण, मिरगी म्हण, तुला आवडेल तो शब्द घे. आणि हे तुला माहीत आहे. मी चौथीत असताना पहिल्यांदा पडले तेव्हा माझं डोकं तुझ्याच मांडीवर होतं. आई-बाबा गेल्यावर मला वाढवलंस तूच, आणि 'कुनाला म्हून सांगायचं न्हाय' हे मंगळागौरीच्या गाण्यासारखं पाठ करून घेतलंस तेही तूच. सिव्हिलच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी इतकी वर्षं मी सरळ उभी होते. जत्रेत आडवी झाले, कारण तू म्हणालीस, 'गोळी गिळली की उपास मोडतोय.' दोन दिवस पोटात अन्न नाही, गोळी नाही, वर कानाशी हलगी. माझ्या जागी डॉक्टर असते तर तेही पडले असते.

शुद्धीवर आले तर कपाळावर मळवट, मांडीवर नारळ आणि एक म्हातारी माझ्या पायावर डोकं ठेवून म्हणतेय, "आई, म्हैस आटली." मला माझं नाव आठवत नव्हतं गं. म्हशीचं काय सांगणार?

मला एवढंच सांग, ही लगमव्वा पहिल्यांदा कुणाला सुचली?

तुझी विजू


चिंचहळ्ळी
४ मार्च १९७८

चि. विजयमालास आशीर्वाद.

मला सुचली. म्याच वरडले.

आता ऐक तरी. तू पडलीस, डोळं फिरलं, हातपाय झाडाय लागलीस. शेजारच्या येडूच्या आईनं पायातली चप्पल काडली, तुला हुंगवायला. अन् ती 'फे' म्हनाली. 'फे' म्हंजे पुढं काय येनार, मला ठावं. त्यो सबूद बाहीर पडायच्या आत म्या दोनी हात वर केलं अन् वरडले, "लगमव्वा आली गं, आई आली!" चप्पल जागच्या जागी थांबली. मागं हुती ती हलगी फुडं आली. येडूच्या आईनं तीच चप्पल टाकली अन् तुज्या पाया पडली.

तूच सांग, म्या काय वरडायला पायजे हुतं? बार्शीचं स्थळ तोंडावर आलंय. मानसिंग पोरगा चांगला, ब्यांकंत हाय, तू तेला पसंत हाईस. फेफऱ्याच्या पोरीला कोन करून घेतंय? तेच्या आईच्या कानावर देवीचं गेलंय, ती तर खूस हाय. म्हनती, घरात बरकत येईल.

चनबसप्पाला म्या शपथ घातलीया.

तुजी आत्या

(चनबसप्पा: शपथेची गरज नव्हती. डाकखात्याच्या माणसाला गुप्तता असतेच. शिवाय विजयमाला, मला तू सातवीत असल्यापासून ठाऊक आहे. सोलापूरहून पार्सलने गोळ्यांची बाटली यायची, तिच्यावर नाव तुझे आणि ती हातात घेताना तुझ्या आत्याचा चेहरा चोराचा. तेव्हा माझ्यापुढे लाजू नकोस.

आता बाई उठून पाणी प्यायला गेल्या आहेत, तेवढ्यात लिहितो. येडूची बायको कमलम्मा, अजून वर्षही झाले नाही लग्नाला, तिलाही तसेच होते. महिन्यातून दोनतीनदा. तिच्या सासूने बाहेरचे आहे म्हणून निंबाच्या फोकाने मारणे सुरू केले होते. जत्रेपासून मारणे बंद झाले. आता म्हणतात, हिलाही देवीच लागली आहे. दवाखान्याचे नाव काढले की म्हणतात, विजयमालाला कुठला दवाखाना आहे? बाई आल्या.)


सोलापूर
१३ मार्च १९७८

ती. आत्यास सा. न.

तुझं पत्र वाचून आधी मला राग आला, मग हसू आलं. सोबतच्या मास्तरीण अनवरीनं विचारलं, काय झालं? मी म्हटलं, आत्यानं मला बढती दिली.

तू वरडलीस ते माझ्यासाठी, हे मला कळतं. चप्पल हुंगण्यापेक्षा नारळ बरा, हेही कळतं. दोन्ही अनुभवांवरून सांगते.

रविवारी मानसिंग आला होता. सात रस्त्याला चहा प्यायलो. तो बँकेतल्या साहेबाची नक्कल करतो, मान अशी आखडून. मी इतकी हसले की शेजारच्या टेबलवरचे वळून बघायला लागले. मग तो म्हणाला, "आई विचारत होती, देवी दर अमावस्येला येते का? म्हणजे सोवळ्याचं बघावं लागेल." मी बशीतला चहा बघत राहिले आणि म्हणाले, "नेहमी नाही." खोटं नाही बोलले. पण परत खोलीवर चालत येताना माझं मलाच तोंड दाखवावंसं वाटेना.

एकदा लग्न होऊ दे, मग सांगू, असं ठरवलंय. शाळेतही हेडबाईंना ठाऊक नाही, तिथं तरी कुठं आभाळ पडलंय?

काका, कमलम्माचं वाचून बरं वाटलं नाही. येडूला बाजूला घेऊन सांगा, बायकोला घेऊन सिव्हिलला ये, मी सोबत जाते. माझं नाव घेऊ नका. म्हणजे सोबत जाणारीचं घ्या, आजारी असलेलीचं नको. बघा काय ते.

अमावस्येला मी येत नाही. लोकांना सांगा, देवीला पेपर तपासायचे आहेत.

विजू


चिंचहळ्ळी
२ एप्रिल १९७८

चि. विजयमाला,

हे पत्र मी चनबसप्पा स्वतः लिहीत आहे. तुझी आत्या समोर पोत्यावर बसली आहे, पण बोलत नाही. मी या बाईला वीस वर्षे ओळखतो. न बोलता बसलेली प्रथमच पाहतो.

परवा कमलम्मा भाकरी करता करता चुलीवर पडली. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. घरात कोणी नव्हते असे नाही. सासू दारात होती. तिने ओढून काढायच्या ऐवजी हात जोडले. म्हणाली, देवीच्या वेळेला शिवू नये.

तुझी आत्या आवाज ऐकून धावली, तिने ओढली. मी येडूला आधी दोनदा सांगितले होते. परवा पुन्हा सांगितले तेव्हा तो म्हणाला, "काका, फेफरं असतं तर गोष्ट येगळी. गोजराआत्याच्या भाचीला कुठं गोळ्या हायत? ती तर साळंत शिकीवती." तुझी आत्या तिथेच होती. तेलाची वाटी हातात घेऊन उभी होती.

आता ती सांगते ते लिहितो.

विजे, पोरीच्या हाताचं कातडं माज्या बोटाला चिकटलं. येडू बोलला तवा माजं तोंड उगडंना. म्या म्हनलं असतं, 'हायत, माजी भाची रोज रातच्याला गोळी खाती,' तर मागल्याच म्हैन्यात ती दवाखान्यात गेली असती. म्या बोललेच न्हाय. चटनी खात बसले.

तुला न इचारता काय बोलनार न्हाय. स्थळ तुजं हाय, जल्म तुजा हाय. तू न्हाय म्हन, मी गप बसते. पर लवकर कळीव.

गोजरा


सोलापूर
९ एप्रिल १९७८

ती. आत्यास सा. न.

पत्र आलं त्या दिवशी मी पाचवीच्या वर्गात 'खरे बोलावे' यावर निबंध लिहायला दिला होता. देवाला विनोद कळत नाही असं कोण म्हणतं?

मी आधी मानसिंगला पत्र टाकून बोलावून घेतलं. गावाला कळायच्या आधी त्याला माझ्या तोंडून कळावं, एवढं तरी मी त्याचं देणं लागत होते. त्याच चहाच्या दुकानात बसलो. मी म्हणाले, "तुमच्या आईंना सांगा, सोवळं पाळायची गरज नाही. देवी वगैरे काही नाही. मला फिट येतात. लहानपणापासून. गोळ्या घेते तोवर येत नाहीत. जत्रेत घेतल्या नव्हत्या."

तो बराच वेळ चमचा हलवत होता. चहात साखर कधीच विरघळली होती. मग म्हणाला, "हे कुणाला कुणाला माहीत आहे?"

मी म्हटलं, "आत्याला, पोस्टातल्या काकांना, डॉक्टरांना. आणि आता तुम्हाला."

"मग आपण असं करू ना," तो अगदी जवळ वाकून म्हणाला, "देवीच राहू दे. घरच्यांना देवी चालते, फिट चालत नाही. मला स्वतःला काही नाही हो."

आत्या, एक क्षण मला ते पटलं. खरं सांगते. तो वाईट माणूस नाही. पण मी विचारलं, "आणि तुमच्या घरात मी चुलीपाशी पडले तर तुमच्या आई काय करतील? ओढतील की हात जोडतील?" चहाचे पैसे त्यानं दिले, रिक्षापर्यंत सोडलं, 'कळवतो' म्हणाला. शुक्रवारी त्याच्या वडिलांचं कार्ड आलं. पत्रिका जुळत नाही म्हणे. गेल्या महिन्यात छत्तीस गुण होते. ग्रहांनाही फिट आली असणार.

मी कार्ड अनवरीला दाखवलं नाही. दोन दिवस जेवले नाही नीट. तो साहेबाची नक्कल फार छान करायचा, आत्या.

असो. तू सांग. माझं नाव घेऊन सांग. कुजबुजू नकोस, कुजबुजीतनंच पुन्हा देवी तयार होते. लगमव्वाच्या देवळापुढं सगळे असतील तेव्हा सांग. आणि कमलम्माला घेऊन पहिल्या गाडीनं ये. हाताचंही दाखवू, बाकीचंही.

गोळ्या मी नियमित घेते आहे. उपास एकही करत नाही. त्यातही सुख आहे.

विजू


चिंचहळ्ळी
१६ एप्रिल १९७८

चि. विजयमालास लई लई आशीर्वाद.

सांगितलं.

मंगळवारी देवळापुढं सगळी बसली हुती. म्या पारावर चढले. म्हनलं, "ऐका. माज्या भाचीच्या अंगात देवी आली न्हाय. तिला फेफरं हाय. ती लहान हुती तवापास्नं हाय. सोलापूरच्या डाक्टरच्या गोळ्या खाती म्हून साळंत उभी हाय. देवी आली म्हून म्या वरडले, ते खोटं वरडले."

मग येडूची आई म्हनाली, "गोजरे, देवीला नाव ठिवतीस? लगमव्वा तुजं डोळं काडंल."

म्या म्हनलं, "काडूं दे. डोळ्याचा डाक्टर बी सिव्हिललाच हाय."

ईश्वरप्पा पुजारी म्हनाला, ही बी देवीची परीक्षाच हाय, भक्तांचा भाव बघती. लोकं माना हालवाय लागली. विजे, म्या खरं बोलाय लागले अन् कोन ऐकंना! खोटं एका दमात पटलं हुतं. मग माजं टकुरं फिरलं. म्या म्हनलं, "आरं, देवी आली तर काय बोलली का? न्हाय. कौल दिला का? न्हाय. पोरीनं लुगडं ओलं केलं हुतं, ते म्या धुतलंय ह्या हातानं. देवी लुगडं ओलं करती व्हय रं, ईश्वरप्पा? तू पुजारी हाईस, तू सांग!"

(चनबसप्पा: हे वाक्य मी लिहिणार नव्हतो. पण बाई उठत नाहीत.)

ईश्वरप्पा घंटा पुसाय लागला. मागं कोनतरी पोरगी फिसकन हासली. मग दुसरी. मग म्या कमलम्माचा भाजका हात धरून वर केला अन् म्हनलं, "हे देवीनं केलं असंल तर असली देवी मला नको. अन् देवीनं केलं नसंल तर हिला म्या सोलापूरच्या गाडीत घालनार. कोन आडवं येतंय बघते." येडू उठला. मला वाटलं मारतोय. त्यो म्हनाला, "आत्या, मी बी येतो."

नारळ कुनी परत मागितलं न्हाईत. मागितलं असतं तर चटनी दिली असती.

स्थळाचं वाईट वाटून घिऊ नको. न्हाय, घे. चार दीस घे. मग पुरं.

आत्या

(चनबसप्पा: एक राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात बिरप्पा पैलवान आला. मीठ मागितले. दिले. गूळ मागितला. दिला. गिऱ्हाईक सगळे जाईपर्यंत काही ना काही मागत राहिला, काडेपेटीपर्यंत. मग म्हणाला, "काका, माझा गुडघा दुखत नाही." तीन वर्षांपूर्वी त्याने गुडघ्याच्या नावाखाली कुस्ती सोडली, सारे गाव हळहळले होते. म्हणाला, "तालमीत एकदा झालं, मळ्यात दोनदा झालं. बायकोलासुद्धा सांगितलं नाही. त्या पोरीला पत्र लिहा, डाक्टर कुठल्या दिवशी असतात?" आणि एवढा मोठा गडी माझ्या डाळीच्या पोत्याला टेकून रडला. त्याच्या परवानगीने लिहितो आहे. तर, डाक्टर कुठल्या दिवशी असतात?)


सोलापूर
२१ जून १९७८

ती. आत्यास सा. न. आणि चनबसप्पाकाकांस नमस्कार.

कमलम्माला काल पुन्हा दाखवलं. हाताची बोटं हलतात. मे महिन्यात एकच फिट आली, जूनमध्ये अजून नाही. डॉक्टरांनी येडूला विचारलं, "फिट आली की काय करायचं?" तो पाठ म्हणाला, "कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं न्हाय, चप्पल न्हाय, कांदा न्हाय, हात जोडायचं न्हाईत." शेवटचं डॉक्टरांनी शिकवलेलं नव्हतं. ते चकित झाले. बिरप्पांना सांगा, त्यांची गोळी वाढवलेली नाही, तीच चालू ठेवायची. आणि ते दवाखान्यात तोंडाला फेटा गुंडाळून बसतात ते पुरे. एवढा मोठा देह फेट्यात लपत नाही.

आता तुझ्यासाठी, आत्या. एक: तू अक्कलकोटच्या गाडीत कंडक्टरला माझ्या आजाराची माहिती दिलीस, हे मला कंडक्टरनंच सांगितलं. तिकीट फाडता फाडता म्हणाला, "गोळी घेतली का, बाई?" सांग म्हणाले होते, पण एसटी महामंडळाला सांग म्हणाले नव्हते. दोन: लुगड्याचा तपशील देवळापुढं घालायची खरंच गरज होती का? उत्तर देऊ नकोस. काकांना पुन्हा लिहावं लागेल.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी मी हेडबाईंच्या खोलीबाहेर उभी राहिले. गावासमोर तू बोललीस, मी नव्हते. मला वाटायचं, माझ्या वाट्याचं होऊन गेलं. पण त्या दारापासून दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा आत गेले आणि एका दमात सांगून टाकलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाल्या, "पालकांनी विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं, "जे मी सांगितलं तेच." त्या म्हणाल्या, "बघते." म्हणजे अजून काही ठरलेलं नाही. बघताहेत. नोकरी राहील असं वाटतं, पण वाटण्यावर माझा फारसा भरवसा उरलेला नाही.

मधल्या सुट्टीत अनवरीला सांगितलं. तिच्याशेजारी माझं टेबल आहे, पडले तर तिच्याच अंगावर पडणार. सगळं नीट समजावलं. कुशीवर वळव, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेव, मुलींना बाहेर काढू नकोस, घाबरतील, फक्त म्हण की बाई थोड्या वेळानं उठतील. आणि चप्पल अजिबात हुंगवायची नाही.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग टेबलाखाली वाकून स्वतःच्या पायाकडे बघितलं.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "परवाच घेतलीये. नवी कोरी."

मग तिनं डबा उघडला आणि अर्धी खिमा-पोळी माझ्यापुढं सरकवली. मी खाल्ली. आत्या, हेही कंडक्टरला सांगू नकोस.

तुझी विजू